कुत्रा खोडकर की आपणच अडाणी?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील सात वर्षांच्या एका मुलीला घरच्याच कुत्र्याने हाताला कडकडून चावा घेतला. मुलगी रोज त्याच्याशी खेळणारी. त्या दिवशी तो भाकरी खात असताना तिने त्याची ताटली ओढली एवढेच. मी तिच्या आजीला विचारले, "मावशी, चावण्याआधी गुरगुरला नाही का?" त्या म्हणाल्या, "आधी लई गुरगुरायचा बाई. माझ्या लेकानं चपलेनं मारून मारून ती खोड मोडली."

भगिनींनो, खरी गोम इथेच आहे. गुरगुरणे ही खोड नव्हे. "दूर हो, मला भीती वाटते," हे सांगण्याची ती कुत्र्याची भाषा आहे. त्याच्याही आधी तो अंग ताठ करतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. ते आपण पाहत नाही, म्हणून तो गुरगुरतो. गुरगुरल्यावर मार बसला तर भीती जात नाही, फक्त सूचना बंद होते. मग असा कुत्रा न सांगता चावतो.

यावर उपाय साधा आहे. कुत्रा खाताना मुलांनी जवळ जाऊ नये. पिल्लू लहान असतानाच मोठ्या माणसाने जाता-येता त्याच्या ताटलीत भाकरीपेक्षा चवदार तुकडा टाकावा. माणूस जवळ आला की काही हिरावून नेत नाही, उलट देतो, हे त्याच्या मनावर ठसते.

शेपूट हलवतो म्हणजे तो खूष आहे, हेही दर वेळी खरे नाही. अंग सैल सोडून शेपूट हलत असेल तर ठीक. पण अंग ताठ, शेपूट उंच आणि भराभर हलत असेल तर मुलाला मागे घ्यावे.

पिल्लाने घरात घाण केली की त्याचे नाक त्यात घासायचे, हा प्रकार घरोघरी चालतो. कुत्रा आपली कृती आणि तिचे फळ यांचा संबंध जोडतो, पण तो काही क्षणांतच. तासाभराने मारले तर मार कशाचा ते त्याला कळत नाही. तो एवढेच शिकतो की धन्याचा भरवसा नाही. "पण त्याला कळतं हो, कसा मान खाली घालतो!" असे आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी हेच तपासले आणि 2009 साली निष्कर्ष मांडला. मालक रागावला की ज्याने काहीच चूक केलेली नाही तो कुत्राही तसाच चेहरा करतो. ती लाज नव्हे, भीती असते. त्यापेक्षा जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर पिल्लाला लगेच बाहेर न्यावे, आणि तिथे विधी केला की शाबासकी द्यावी.

दिवसभर साखळीला बांधले, मिरची चारली की कुत्रा राखणीला चांगला होतो, हा समज तर घातकच. मिरचीने पोट जळते, अक्कल येत नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून तो चावतो. चोर कोण आणि शेजारचे पोर कोण, हे तो पाहत नाही.

"गावठीला काय शिकवायचं? जातिवंत आणा," असे म्हणणारेही पुष्कळ. माणसाची लायकी जन्मावरून ठरवणाऱ्यांना आपण ऐकून घेत नाही, मग कुत्र्याच्या बाबतीत का ऐकावे? 2022 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, यात जातीचा वाटा साधारण 9 टक्केच निघाला. त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत पिल्लाने कोणती माणसे, मुले, आवाज अनुभवले, याकडे लक्ष द्या. आपल्या दारचे गावठी पिल्लू भाकरीच्या तुकड्यावर "बस" आणि "थांब" सहज शिकते.

आणि चावलाच तर? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले, आता लस दंडात देतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शन लागते, तेही विचारून घ्या. सर्व तारखा पाळा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही. पिल्लालाही तीन महिन्यांचे झाले की लस टोचून घ्या.

त्या मुलीची इंजेक्शने वेळेवर झाली. आता कुत्रा खाताना ती उंबऱ्याच्या आत बसते. परवा तो कशावरून तरी गुरगुरला, तेव्हा आजीने चप्पल उचलली नाही. त्यांनी नातीला जवळ ओढले.