पहिली मोटारसायकल घेताना

भाताचे पैसे हाती आले, की भोर-वेल्ह्याकडे घरोघरी मोटारसायकलीची बोलणी निघतात. चिरंजीवांना नुसते पुण्याला जायचे नसते. वरंध घाट उतरून महाड, पुढे कोकण, आणि जमलेच तर लडाख! हौस जरूर असावी. पण मंडळी, पहिल्या गाडीत ताकद शेवटी पाहा.

आधी बसून पाहा, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? मग वजन विचारा. शंभर सीसीची साधी गाडी एकशे दहा-पंधरा किलोची, तर साडेतीनशेची बुलेट दोनशेच्या घरातली. पावसाळ्यात घाटात दरडीची माती रस्त्यावर येते. तिथे आडवी झालेली गाडी एकट्याला उचलता यायला हवी. सुटे भाग भोरच्या बाजारात मिळतात का, हेही मिस्त्रीला विचारा.

सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्याने ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तरी चाक जखडत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने हे आवर्जून पाहावे.

पैसे कमी पडले तर गाडी लहान घ्या; पण आयएसआय शिक्क्याची हेल्मेटे दोन घ्या. मागे बसणारेही आपलेच माणूस असते.