वाकड्या तोंडाचे वाचन

कानामागे तीन दिवस दुखत होते. त्याकडे आम्ही दुर्लक्ष केले. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरली, तेव्हा पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळले. आरशात पाहिले तर अर्धा चेहरा आमचा होता आणि उरलेला अर्धा कोणी इस्त्री करून सपाट केल्यासारखा. कपाळाला डावीकडे आठी पडेना, डोळा मिटेना. घरात 'लकवा' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला गेला. शेजारून 'वारे लागले' असे निदान आले. डॉक्टरांनी भुवया उचलायला लावून तपासले आणि हा मेंदूचा झटका नव्हे, सातव्या मज्जातंतूची सूज आहे, असा निर्वाळा दिला. आयुर्वेदात चेहऱ्याच्या अशा वाकडेपणाला अर्दित म्हणतात. आधुनिक वैद्यकात या विकाराला चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाचे नाव आहे. पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू झाले तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. आम्हीही झालो. तेव्हा हा लेख सहानुभूतीसाठी नाही. त्या चार महिन्यांत आमच्या व्यवसायाविषयी जे ध्यानात आले, त्यासाठी आहे.

चेहऱ्याची हालचाल सातवा मज्जातंतू करतो, संवेदना मुख्यतः पाचवा वाहून नेतो. त्यामुळे न हलणारा चेहरा बधिर नसतो. आमचे वाकडे तोंड साऱ्यांना दिसत होते. ते दुखत नव्हते. कानामागचे जे दुखत होते, ते कोणालाच दिसत नव्हते. न दिसणाऱ्या दुखण्याला शब्दांखेरीज दुसरा चेहरा नसतो. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात, इंग्रजीपाशी साध्या डोकेदुखीसाठीही पुरेसे शब्द नाहीत, अशी तक्रार केली होती. मराठीविषयी ही तक्रार करता येणार नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा : "ठणकतंय की कळ येते?" ठणका, कळ, सणक, चमक, तिडीक, शूळ, ठसठस, चुणचुण, भगभग : यांतला प्रत्येक शब्द दुखण्याची वेगळी चाल सांगतो, आणि खेड्यातली आजीही त्यांत गफलत करीत नाही. समीक्षेत मात्र या सर्वांच्या जागी आम्ही 'वेदना' हा एकच शब्द वापरतो. कवीची वेदना, युगाची वेदना, अस्तित्वाची वेदना. ती ठणकते की सणकते, हे विचारण्याची आम्हांस गरज वाटत नाही. दवाखान्यातला तो प्रश्न आमच्या अनेक वर्षांच्या समीक्षालेखनापेक्षा अधिक नेमका होता, हे येथे कबूल करतो.

वर्गात दुसरी अडचण उभी राहिली. ओठ नीट मिटत नसल्याने सबंध पवर्ग निसटू लागला. ओष्ठ्य वर्ण म्हणजे काय, हे आम्ही वर्षानुवर्षे व्याकरणाच्या तासाला शिकवले. 'भावभूमी' हा शब्द उच्चारता येईना तेव्हा ते आम्हांला कळले. विद्यार्थ्यांनी हे समजून घेतले. परंतु पाचव्या आठवड्यात मौखिक परीक्षा आली. एक विद्यार्थिनी एका कवितेविषयी बोलत होती, आणि इतके स्वतंत्र बोलत होती की आम्ही आनंदाने हसलो. हसला तो फक्त उजवा गाल. तिने वाक्य अर्धवट सोडले आणि पुढच्या प्रश्नांना एका शब्दात उत्तरे दिली. नंतर बोलावून विचारले तेव्हा म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्ही माझी टर उडवताय."

ती चुकली असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही शिकवले तसेच तिने वाचले. ओठाच्या मुरडीवरून तुच्छता, तिरक्या डोळ्यावरून कपट ओळखावे आणि स्वभावचित्रणाच्या प्रश्नात ते लिहावे, यासाठी आम्हीच गुण देत आलो आहोत. आपल्या भाषेतही तोंड वाकडे केले जाते, वाकडे होत नाही.

या वाचनाची किंमत काय असते, हे पाहायचे तर ललिता पवार यांची कारकीर्द पाहावी. १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड खरोखरच जोरात लागली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, आणि काही वर्षांच्या उपचारांनंतरही डावा डोळा अधू राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे तोच डोळा खाष्ट सासूची खूण बनला आणि १९८७ च्या दूरदर्शन मालिकेत मंथरेची. एका इजेला प्रेक्षकांच्या पिढ्यांनी दुष्टपणा म्हणून वाचले. पण १९५९ च्या 'अनाडी'तली मिसेस डिसा आठवावी. डोळा तोच आहे, आणि तिथे तो मायेने ओथंबलेला दिसतो. अर्थ डोळ्यात नव्हता.

भरताचे शास्त्र या बाबतीत आमच्याहून सावध आहे. अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक खरा. परंतु विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाशिवाय रसनिष्पत्ती तेथे सांगितलेली नाही. आमचा डावा डोळा सात आठवडे गळत होता, शोक कसलाही नव्हता. एकटा अनुभाव काहीच सिद्ध करीत नाही. आम्ही मात्र वर्गात एकट्या अनुभावावर निकाल देतो.

यावर आक्षेप येईल की साहित्य खुणांनीच बनते. प्रत्येक वाकड्या तोंडामागे मज्जातंतू शोधू लागलो तर कादंबरीचा केसपेपर होईल. आक्षेप रास्त आहे. खुणा वाचू नयेत, असे आमचे म्हणणे नाहीच. ही खूण लेखकाने ठेवली, परंपरेने चिकटवली, की आपणच आणली, एवढे विचारून मग वाचावे. माणसाच्या बाबतीत तर त्याला बोलू द्यावे आणि मग वाचावे.

त्या विद्यार्थिनीची परीक्षा आम्ही दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या परीक्षकांसमक्ष, पुन्हा घेतली. मज्जातंतू पुन्हा जुळताना थोडी गल्लत करतो. आजही घास चावताना आमचा डावा डोळा किंचित मिटतो. समोरच्यास तो डोळा मारल्यासारखा वाटण्याचा संभव आहे. त्याला काहीही अर्थ नाही, एवढे नोंदवून ठेवतो.