पुसलेली आगगाडी

गतवर्षी बर्लिन शहरी जाण्याचा योग आला, तेव्हा स्प्री नदीकाठची जुनी भिंत आम्ही मुद्दाम पाहिली. एके काळी जी ओलांडू पाहणारांस गोळी घालीत, तिच्याच सुमारे १.३ किलोमीटर भागावर १९९० साली २१ देशांच्या ११८ चित्रकारांनी चित्रे काढिली. ती विटली म्हणून २००९ साली बरीचशी धुऊन मूळच्या चित्रकारांस पुन्हा काढावयास सांगितले. काहींनी नकार दिला.

तेथे उभे असता आम्हांस विश्रामबागेतील आमच्या अंगणाची भिंत आठवली. मागे एका दिवाळीत धाकट्या पुतण्याने तिजवर कोळशाने आगगाडी काढिली होती, डबे चांगले अकरा! पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून आम्हीच तिजवर चुना फिरवविला. पोर दोन दिवस बोलले नाही. वास्तविक वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे दाखवावयास त्यास आम्हीच नेले होते. “भिंत नानांची असली म्हणजे कला, आणि आपली असली म्हणजे घाण, होय ना भावोजी?” असे वहिनींनी तेव्हाच विचारले. आम्ही रागावलो होतो.

परत येताच चिरंजीवांपुढे कोळसा ठेविला. “आता नको, काका,” एवढेच तो म्हणाला. भिंत अद्याप पांढरीच आहे.