बर्फावरचे शिक्षण : आधी शिक्षक पाहा, मग हॉटेल



आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता सहलीसाठी मनाली, काश्मीरची नावे घेऊ लागली आहेत. काहींना स्कीइंग शिकायचे आहे, म्हणजे पायांना लांब पट्ट्या अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय करायचे?’ आमचे मत तसे नाही. खेळ कोणाच्या मालकीचा नसतो. मात्र घामाचा पैसा योग्य जागी खर्च होतो की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून हिशेबापासून सुरुवात करू. सहलीला गेलेला माणूस भाड्याचे बूट चढवतो, अर्धा तास कोणीतरी हात धरून त्याला ओढतो, फोटो निघतो आणि पैसे संपतात. यात शिक्षण कोठे आले? त्यापेक्षा सरकारी संस्थेचा अभ्यासक्रम बरा. रोज सराव होतो, शिक्षक चुका दाखवतो. शुल्कात राहणे, जेवण व साहित्य धरले आहे काय, हे अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

अशी तीन ठिकाणे आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था १९६८ पासून आहे. तेथे बर्फ भरपूर आणि उतार मोठे, पण प्रवास लांबचा. मनालीला १९६१ मध्ये सुरू झालेली गिर्यारोहण संस्था असून तिला आज अटलबिहारी वाजपेयींचे नाव आहे. तिचे स्कीइंगचे वर्ग सोलंगला भरतात. आपल्या स्टेशनवरून सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत जाता येते, पुढे बसने मनाली. तिसरे ठिकाण उत्तराखंडातील औली. तेथे गढवाल मंडल विकास निगम वर्ग घेते. जोशीमठची जमीन खचल्याने जानेवारी २०२३ मध्ये औलीचा रोपवे बंद करण्यात आला, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची व निवासाची चौकशी करावी. नवशिक्यासाठी आम्ही मनाली सुचवू.

महिना कोणता? हल्ली बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसुद्धा कोरडे पडले होते. म्हणून फेब्रुवारीतील वर्ग धरावा. दहावी-बारावीचे वर्ष असेल तर मात्र हा विचार पुढे ढकलावा. परीक्षा आधी.

पहिल्या दिवसांत पडायचे कसे व उठायचे कसे, हेच शिकवतात. तोल गेला तर मागे न बसता बाजूला पडावे. मग पट्ट्यांची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवून वेग कमी करायला शिकवतात. थांबता येत नाही तोवर मोठ्या उतारावर जाऊ नये, मित्र कितीही चिडवोत. बुटात टाच उचलली जाता कामा नये. जीन्स घालू नये, ती भिजते आणि थंडी हाडांत शिरते. पाणी न शिरणारी पँट, हातमोजे, गॉगल व हेल्मेट हवेच. पट्ट्या विकत घेऊ नयेत. दम्याचा वा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि मुलीने हट्ट धरला तर ‘मुलगी आहे’ एवढ्यावरून नकार देऊ नका. मनालीच्या आंचल ठाकूर हिने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधील भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक, आणि ते एका मुलीने आणले!

कर्ज काढून मात्र कोणी जाऊ नये. बँकेत वर्षभराची आवर्ती ठेव सुरू करा, मुलांनाही त्यात वाटा उचलू द्या. स्वतःच्या बचतीतून शिकलेली विद्या मुले वाया घालवत नाहीत.