रहस्यकथा आणि वाणसामानाची यादी



आपल्या ग्रंथालयाच्या यंदाच्या खरेदीत काही रहस्यकथा आल्या आहेत. शाळेच्या पैशातून मुलांना खून आणि दरोडे कशाला वाचायला द्यायचे, असा प्रश्न पालक सभेत एका गृहस्थांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. सभेत त्याचे उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून येथे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. ही पुस्तके कपाटात राहिली पाहिजेत, आणि सातवी-आठवीच्या मुलांच्या सहज नजरेस पडतील अशा खणात राहिली पाहिजेत.

माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे फडके-खांडेकर मला उशिरा भेटले. त्यांच्या आधी भेटले ते सुरेंद्र मोहन पाठक. त्यांचे जासूसी उपन्यास आठ आणे रोजाने भाड्याने मिळत. दुसऱ्या दिवसाचे आठ आणे वाचावेत म्हणून आम्ही भावंडे पाळीपाळीने एका रात्रीत पुस्तक संपवत असू. त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग, ‘न बैरी न कोई बेगाना’, २०१८ साली आला. जवळजवळ तीनशे कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाने दिल्लीत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये रीतसर नोकरी केली. म्हणजे दिवसा टेलिफोन आणि उरलेल्या वेळात खून!

मराठीतला विक्रम तर याहूनही मोठा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. चाळीस वर्षांचा हिशेब धरला तरी वर्षाला पंचवीस, म्हणजे महिन्याला दोन होतात. (गणिताच्या तासाला पडताळून पाहावे.) अर्नाळकर हे त्यांचे खरे नावही नव्हते, चंद्रकांत सखाराम चव्हाण हे खरे नाव. मुंबईत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा पांघरुणात दिवा घेऊन वाचणाऱ्यांचे डोळे बिघडले, तर ते पुन्हा गिऱ्हाईक म्हणून त्यांच्याकडेच यायचे, असे मला नेहमी गमतीने वाटते. हजार पुस्तके सगळीच उत्तम असणे शक्य नाही, आणि तसा दावा मी करणारही नाही. पण दुकान सांभाळून हजार पुस्तके लिहिणाऱ्या माणसाला ‘लिहायला सुचत नाही’ ही सबब परवडली नसणार.

स्वतःच्या धंद्याकडे पाहून मनापासून हसावे ते मात्र ॲगाथा ख्रिस्तीबाईंनी. त्या १९७६ साली वारल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. जगभर पुस्तके खपणाऱ्या या बाईंना कित्येक वर्षे लिहिण्यासाठी वेगळी खोलीच नव्हती. टाइपरायटर ठेवायला एक न डुगडुगणारे टेबल मिळाले की झाले. वृत्तपत्रवाले त्यांचा लिहितानाचा फोटो काढायला येत, तेव्हा दाखवायला जागा नसे. तुम्ही लिहिता तरी कधी, असे मैत्रिणीही विचारत. पहिल्या महायुद्धात त्या इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या. तेथे औषधे मोजता मोजता विषांची ओळख झाली आणि तीच पुढे जन्मभर कामी आली. १९२० साली पहिली कादंबरी आली, आणि तिच्यात त्यांनी आपला डिटेक्टिव्ह पॉयरो हा पोलीस खात्यातून निवृत्त झालेला दाखवला. तेथेच आपले चुकले, आता त्याचे वय शंभरीच्या कितीतरी पुढे गेले असणार, असे त्या स्वतःच लिहितात. त्याची शेवटची कादंबरी आली १९७५ साली. निवृत्तीनंतर पंचावन्न वर्षांची मुदतवाढ! विश्वस्त मंडळींनी घाबरून जाऊ नये, मी असा अर्ज करणार नाही.

पुढे त्यांनी आपल्या कादंबऱ्यांत रहस्यकथा लिहिणारी एक बाईच आणली, ॲरिअॅडनी ऑलिव्हर नावाची. तिचा डिटेक्टिव्ह फिनलंडचा, आणि तिला फिनलंडची काडीची माहिती नाही. वाचक चुका काढून पत्रे पाठवतात, आणि ती त्या डिटेक्टिव्हवरच वैतागते. अशी स्वतःची थट्टा करायला मोठे मन लागते.

पण मला सर्वात आवडतात त्या त्यांच्या वह्या. अशा त्र्याहत्तर वह्या मागे राहिल्या, आणि जॉन करन या अभ्यासकाने २००९ साली त्यांवर पुस्तक लिहिले. अक्षर गिचमिड, क्रम नाही. एका पानावर कोणाला कसे मारायचे याची टिपणे, तर जवळच घरात काय आणायचे त्याची यादी. आमच्या निबंधाच्या वह्या याच्या अगदी उलट असतात. समास आखलेला, अक्षर मोत्यासारखे, आणि मजकूर गाइडमधला. लेखक म्हणजे नदीकाठी झाडाखाली बसलेला कोणी प्रतिभावान, अशी मुलांची समजूत आम्हीच करून दिलेली आहे. वाणसामानाच्या यादीशेजारीही गोष्ट लिहिता येते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. बडोद्यातली आपली मुले घरी मराठी बोलतात, बाजारात गुजराती, आणि पुढे जायचे म्हणून इंग्रजीच्या शिकवणीला जातात. वाचायच्या मराठीला जागा उरते ती फक्त पाठ्यपुस्तकात, तीही परीक्षेपुरती. आठवीतला मुलगा मराठी फाडफाड बोलतो आणि वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतो, हे मी दर वर्षी पाहते. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगतात. दार कोणी ठोठावले हे कळायला पान उलटावेच लागते, आणि त्या घाईत जोडाक्षर आडवे येत नाही. शंभर पाने मराठी एका बैठकीत वाचलेला मुलगा उद्या याच शहरात बसून लिहिणाऱ्या चिं. वि. जोशींचा चिमणराव उघडेल. शंभर पाने कधीच न वाचलेला उघडणार नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून राज्यात ग्रंथालयांची सोय लावली, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरल्या. त्या राजधानीत पुस्तक कपाटाबाहेर जाण्याची भीती वाटावी, हे मला पटत नाही. पालकांची शंका मात्र मी बाजूला सारलेली नाही. ग्रंथपालबाईंनी आणि मी सर्व पुस्तके आधी वाचली. दोन पुस्तके मुलांच्या वयाला योग्य नव्हती, ती परत केली. बाकीची ज्या पालकांना पाहायची असतील त्यांनी शाळेत येऊन पाहावीत, घरी नेऊन वाचली तरी हरकत नाही.

येत्या शनिवारपासून ही पुस्तके सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना एका आठवड्यासाठी मिळतील. नियम एकच. पहिल्या पानावर पेन्सिलने खुन्याचे नाव लिहून ठेवणाऱ्याचे कार्ड वर्षभरासाठी जप्त होईल.