‘एड.डी.’ला हलकी पदवी म्हणू नका

अमेरिकेतील शाळा-अधीक्षकांची ‘एड.डी.’ (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) म्हणजे सोपी केलेली पीएच.डी., हे गेल्या अंकातील पत्रातले मत मला मान्य नाही. शिक्षणतज्ज्ञ आर्थर लेव्हाइन यांनी २००५ च्या अहवालात ही पदवी बंदच करा, असे सुचवले होते आणि तेव्हाच्या अनेक अभ्यासक्रमांवरची त्यांची टीका रास्तच होती. पत्रलेखक मात्र तिथेच थांबले. २००७ मध्ये याच पदवीसाठी सुरू झालेल्या कार्नेगी प्रकल्पात अनेक विद्यापीठे एकत्र आली, पदवीची फेरमांडणी झाली. आता बऱ्याच ठिकाणी प्रबंधाचा प्रश्न स्वतःच्याच शालेय जिल्ह्यातून (स्कूल डिस्ट्रिक्ट) येतो: नववीत मुले का गळतात, नवे शिक्षक का टिकत नाहीत. हार्वर्डने २०१० मध्ये तीन वर्षांची वेगळी पदवी सुरू केली. त्यातले तिसरे वर्ष प्रत्यक्ष कामाचे.

अशा शिक्षणाची गरजही आहे. संपूर्ण डिस्ट्रिक्ट सांभाळणाऱ्या अधीक्षकाला स्कूल बोर्डापुढे अंदाजपत्रक मांडावे लागते, स्कूलबसपासून विशेष गरजांच्या मुलांपर्यंत सगळ्याचे उत्तर द्यावे लागते. एक शाळा चालवल्याचा अनुभव त्याला पुरत नाही.

माझा आक्षेप आहे तो फीबद्दल. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुख्याध्यापकांना ती अनेकदा स्वतःच्या खिशातून भरावी लागते. हार्वर्डने त्या नव्या पदवीची फी सुरुवातीला माफ ठेवली होती. पत्रलेखकांनी या मुद्द्यावर लिहावे. मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

– एक वाचक, न्यू जर्सी