सभा फोनवर भरली तरी सभाच

सभा भरवण्याची मराठी माणसाला उपजतच हौस आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या हौसेला ओहोटी लागल्याचे ऐकिवात नाही. बदलला आहे तो फक्त मांडव. २०२० च्या टाळेबंदीत तो मांडव फोनमध्ये शिरला. त्याच वर्षी अमेरिकेत क्लबहाउस नावाचे, नुसत्या आवाजावर चालणारे ॲप निघाले. मे २०२१ मध्ये ते आपल्याकडच्या अँड्रॉइड फोनांवर आले आणि काही महिने रात्री दहानंतर जो तो परिसंवादात बसलेला दिसू लागला. ती लाट ओसरली; पण ट्विटरच्या (जुलै २०२३ मध्ये त्याचे ‘एक्स’ असे नवे बारसे झाले) स्पेसेस राहिल्या, फेसबुक आणि यूट्यूबचे लाइव्ह राहिले. त्यांवरच्या सामुदायिक चर्चा आता पाहुण्या राहिलेल्या नाहीत, घरच्याच झाल्या आहेत.

या चर्चांविषयी माझी तक्रार एकच आहे. त्या भरवल्या जात नाहीत, नुसत्या सुरू केल्या जातात. बटण दाबले की सभा भरली, असा एक गोड समज आहे. मी तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. एकाच कारखान्याला चार-पाच बँकांनी मिळून कर्ज दिलेले असे आणि त्या साऱ्यांची बैठक भरे. विषयपत्रिका आठ दिवस आधी हातात पडायची. कोण काय बोलणार, कोण अडून बसणार आणि चहा नेमका कोणत्या मुद्द्यानंतर आणायचा, हे बोलावणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याला आधीच ठाऊक असे. बैठक दीड तासाची, पण तिची तयारी पंधरवड्याची. आणि इथे शेकडो माणसांसमोर थेट बोलायचे, तर तयारी काय, फोन चार्ज केला!

तंत्राच्या बाजूनेही मोठमोठ्यांची फजिती होते. मे २०२३ मध्ये फ्लॉरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी ट्विटर स्पेसेसवर जाहीर करायचे ठरवले. सोबतीला खुद्द मालक इलॉन मस्क. लोक इतके लोटले की आवाज तुटू लागला, वीसेक मिनिटे नुसती खरखर आणि शांतता, आणि शेवटी सभा दुसऱ्याच्या खात्यावर हलवावी लागली. तोवर पुष्कळ श्रोते निघून गेले होते. दुसरा यजमान तयार ठेवावा, आदल्या दिवशी दोघाचौघांत रंगीत तालीम करावी, जागा मोडली तर कुठे भेटायचे ते आधीच जाहीर करावे, हे नाटकवाल्या मराठी माणसाला तरी सांगावे लागू नये.

पण तंत्र हा भाग किरकोळ. खरा प्रश्न आहे तो माणसांचा, आणि तो मला कळला एका विशिष्ट विषयामुळे. निवृत्तीनंतर मी महिन्यातून एकदा थेट चर्चा घेतो. विषय रुक्ष आहे : घरातले माणूस गेल्यावर बँकेची कामे कशी करायची. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठेवींबाबत हे स्पष्ट केले, तरी घरोघरी यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, हिस्सेही ठरवता येतात. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि त्या शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ हे पोर्टल आहे. हे सगळे पत्रकात छापूनही सांगता येते. मग चर्चा कशाला? कारण पत्रकाला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि या कामात प्रत्येक घराचा प्रश्न निराळा असतो.

वेळ ठरवताना मला सुचवले गेले, रात्री साडेआठ. परदेशातल्या मराठी मंडळींनाही ती सोयीची : उन्हाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे अकरा, लंडनला दुपारचे चार. पण साडेआठला आपल्याकडे पोळ्या चालू असतात. त्या वेळी येतात ते जेवण आयते मिळणारे पुरुष. ते बोलतात छान, पण नवऱ्याच्या मागे बँकेत खेटे घालणारी बाई त्यांच्यात नसते. मी दुपारी तीनची वेळ धरली. भांडी आवरलेली, मुले शाळेत, घरात ऐकणारे कोणी नाही. बोलणाऱ्यांत बायका निम्म्याहून अधिक झाल्या. चर्चेत कोण बोलणार हे पुष्कळदा घड्याळच ठरवते. यजमान उगाच समजतो की आपण दार सर्वांना उघडे ठेवले आहे.

बोलणारे किती असावेत, याबाबत कादंबरीलेखनाचा थोडा उपयोग झाला. एका खोलीत सहा पात्रे बोलायला लावली की कोण काय म्हणाले ते वाचकाला कळेनासे होते. ऐकणाऱ्याचे तेच, त्याला तर चेहरेही दिसत नाहीत. स्पेसेसवर यजमानासह तेराजणांना माइक देता येतो. म्हणून तेराजणांना द्यायचा? मी तिघांवर थांबतो : एक बँकेतला, एक वकील आणि एक असा, ज्याने ही कामे स्वतःच्या घरासाठी करून पाहिली आहेत. प्रश्न चार दिवस आधी मागवतो. बाकीचे हात वर करतील तसे एकेक.

आता यजमानाच्या हातातल्या त्या बटणाविषयी, ज्याने समोरच्याचा आवाज बंद होतो. ते वापरणे म्हणजे मुस्कटदाबी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. एका दुपारी एक बाई बोलू लागल्या. नवरा जाऊन दोन महिने झालेले. ‘साहेब, पासबुक हातातच आहे, नंबर सांगते,’ म्हणाल्या आणि चार आकडे वाचूनही झाले. मी आवाज बंद केला आणि म्हटले, ‘ताई, नंबर इथे कुणालाच सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. तुमची अडचण तेवढी सांगा.’ मग पुन्हा माइक दिला. ऐकणाऱ्या दोनशे जणांत कोण बसले आहे हे मला माहीत नसते. ‘केवायसी करून देतो’ म्हणणारे भामटे अशाच दुःखाच्या जागी टपून असतात. मुकाटपणे ऐकत राहण्याला मी उदारपणा म्हणणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये क्लबहाउसवरच्या एका चर्चेत मुस्लिम स्त्रियांविषयी अश्लील बोलले गेले. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. खोली उघडणाऱ्याच्या हातात बटण असते, ते याच कामासाठी.

रेकॉर्डिंगबाबत माझे मत बहुतेकांना पटत नाही. ‘ज्यांना जमले नाही ते नंतर ऐकतील,’ असे म्हणतात. ऐकतीलही. पण ओसरीवर बोललेला शब्द ओसरीवरच विरायचा, म्हणून माणसे मोकळी बोलायची. ‘सासऱ्यांनी माझी सही करून घेतली’ हे वाक्य ध्वनिमुद्रित झालेले त्या बाईला उद्या भोवू शकते, आणि ते सासरे ऐकणारच नाहीत याची हमी कोण देणार? मी रेकॉर्ड करत नाही आणि तसे सुरुवातीलाच सांगतो. कोणी आपल्या फोनवर चोरून केले तर इलाज नाही, हेही सांगतो. त्यामुळे श्रोत्यांचा आकडा वाढत नाही. न वाढो. या बाबतीत आकड्यांचा सोस मला कधी कळलेला नाही. शाखेत ठेवी वाढवण्याची उद्दिष्टे पुरी करण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल.

एका तासाने मी चर्चा संपवतो, कोणी वाक्याच्या मध्यावर असले तरच थांबतो. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे, नावे वगळून, दुसऱ्या दिवशी लिहून टाकतो. या खेपेला सतरा राहिले होते. त्यांतले अकरा लॉकरविषयी निघाले. किल्ली गेलेल्या माणसाजवळच राहिली, आता लॉकर उघडायचा कसा. तेव्हा पुढच्या चर्चेला विषय लॉकरच. वेळ दुपारी तीन.